आडवी रेघ

तोर्सहाव्नच्या बंदरकचेरीत, तळघरात,
खाऱ्या हवेने जुनं यंत्र एकदाचं गेलं.
हानुसची आज्ञावली तेवढी उरली पेनड्राइव्हवर,
अकरा वर्षं भरती-ओहोटीचे आकडे
बिनतक्रार रांगेत लावणारी.

सुन्व्हरने ती आधी स्वतःच्या लॅपटॉपवर चालवली.
तिने सांगितलं होतं: बोल, पण ओळ मोडू नकोस.
लॅपटॉप म्हणाला: -n
आणि ओळ मोडली.
निरोप्याला कानात सांगावं, हळू बोल बरं का,
आणि त्याने भर धक्क्यावर ओरडावं,
"हळू बोल बरं का!"

मग सांगितलं: फाइल आहे तिथेच दुरुस्त कर.
दुरुस्त झाली. पण शेजारी
प्रत्येकीची एक जुळी उभी,
चुकांसकट, जशीच्या तशी,
शेपटाला -e लावलेली.
लॅपटॉपला तो हुकूम वाटलाच नव्हता,
जुन्या प्रतीचं आडनाव वाटलं होतं.
जानेवारी-e. फेब्रुवारी-e.

सुन्व्हर मूळची सूवुरोयची, दक्षिण बेटावरची.
तिकडे बोटीला शब्द तोच,
फक्त मधला ट तोंडात विरघळून ड होतो.
राजधानीत पहिल्या वर्षी पोरी हसायच्या.
तिने ट घासून घासून कडक केला,
आणि फेरीने घरी गेली तर आई म्हणाली,
"अगं, हे काय ट-ट लावलंयस?"

पहाटे चारला तिने
मत्स्य प्रयोगशाळेने देऊन टाकलेलं म्हातारं यंत्र लावलं.
जाडजूड, पंखा घरघरणारा, दुसऱ्याच घराण्यातलं.
मालकाच्या हक्काने ती आत शिरली
आणि अदबीनेच विचारलं, आपलं पूर्ण नाव?
होस्टनेम, मग आडवी रेघ, मग f.

यंत्र काही बोललं नाही.
गप्प बसलेलं कुणीही शहाणं वाटतं.

पुन्हा विचारलं, या वेळी रेघ न लावता.
-f, ते म्हणालं.

नाव विचारलं होतं;
त्याने प्रश्नच नाव म्हणून ठेवून घेतला.

हानुसला फोन. पलीकडे वारा, एक मेंढी खोकतेय.
"किलऑल तर नाही ना लिहिलंस?"
"अजून नाही."
"नको. तुझ्याकडे तो शब्द
नाव घेऊन एकेकाला बंद करतो.
तिथे नावबिव बघत नाही. सगळं झोपवतो.
मी एकदा झोपवलंय. विचारू नकोस."

ध चा मा करायला निदान कुणीतरी लागतं.
इथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.
घर बदललं होतं, एवढंच.

उजाडेपर्यंत ती रेघा खुडत बसली.
सगळ्या घरांत कळेल तेवढंच ठेवलं,
थोडं जुनाट, थोडं लांबण लावणारं,
परक्यांसमोर आपण बोलतो तसं.
दोन ठिकाणी मात्र इलाज नव्हता;
तिथे आधी विचारायला लावलं, कुणाच्या दारात आहोत?
हानुसची करामत गेली.
एका ओळीत सहा कामं उरकायचा तो.
त्या ओळीच्या आता चौदा झाल्या,
आणि तिला खरंच वाईट वाटलं.

साडेसातला रेडिओवर बोआरुर, तांडेल, घाईत:
"प्रवाह कधी फिरतो?"
"आठ दहाला. तुझी बोट तोवर—"
बोलता बोलता ट सुटला, ड आला,
आईच्या स्वयंपाकघरातला, मऊ.
बोआरुरने विचारलं नाही, परत सांग म्हणून.
त्याने नांगर उचलला.

तोर्सहाव्नला पाणी चढतं ते जेमतेम वीतभर.
त्या पहाटेची नोंद अजून आहे:
चार चाळीस, वीतभर वर,
नोंदवणाऱ्याचं नाव -f.

बाकीच्या चुका सुन्व्हरने पुसल्या.
ही ओळ नाही पुसली.