कॉलरचा माल

मे महिना. नीलम नगरातला पत्रा तापून
मशिनच्या तेलालाही घाम फुटलेला,
आणि गुर्रमशेठने पोती आणून टाकली
थंडीच्या जाकिटांची.
"कॉलरला ही केसाळ पट्टी लावायची.
नगाला पावणेदोन. नकली आहे, धुतली तरी चालते."
पोत्यावरची अक्षरं कुणाला लागेनात,
काड्याकाड्यांची, चौकोनी.
रेणुकाने एक पट्टी गळ्याभोवती घेतली,
आरशात बघून म्हणाली, "बाई, मी आता बर्फातली."

मऊ होती.
इतकी, की हात आपोआप एका दिशेने फिरला.
उलटा फिरवला तर केस उभे राहिले
आणि आपले आपण परत निजले.
पॉलिस्टर असं ऐकत नाही.

माझा बाप जॅकार्डवर चादरी विणायचा.
सूत घ्यायला गेला की आधी एक धागा तोडायचा,
काडी ओढायचा.
कागदासारखा जळला तर कापूस.
मणी झाला तर फसवलं.
"तोंडाने कुणीही काहीही सांगतं," म्हणायचा,
"जळताना वस्तू खोटं बोलत नाही."

जेवणाच्या सुट्टीत, मागच्या मोरीपाशी,
मी चार केस उपटून काडी लावली.
मणी झाला नाही.
वास आला.
लहानपणी स्टोव्ह भडकून माझी वेणी जळाली होती,
तो वास.

मग ब्लेडने अस्तर उसवलं.
आत कातडं, पापडासारखं पातळ,
तुकड्याला तुकडा जोडलेलं.
मी शिवणारी बाई, मला टाके कळतात.
हातभर पट्टीत नऊ जोड.
एवढीशी पाठ कुणाची असते?
राखाडी, वर आडवे काळे पट्टे,
आणि चौथ्या तुकड्यावर एक पांढरा ठिपका
जो रंगवायचा कुणीतरी विसरला.

तसला ठिपका आमच्या मागाखाली झोपतो.
खळीच्या वासाने उंदीर येतात, त्यांच्यासाठी ठेवलेली.
आम्ही घरात तेलुगू. तिला नुसतं पिल्ली म्हणतो,
म्हणजे मांजर.
शाळेत मैत्रीण म्हणाली होती,
"आमच्या कुत्रीला पाच पिल्ली झाली,"
आणि मी रात्रभर जागी,
कुत्रीला मांजरं कशी झाली म्हणून.

कापूस वेचतात. लोकर कातरतात.
याला काय म्हणतात?
शब्द आहे. सोलणं.
मी तो आजवर शेंगांना वापरला.
पिंजऱ्यात किती असतील,
आणि कितव्याला हात घातला तेव्हा
उरलेल्या गप्प झाल्या असतील,
हे मला कुणी सांगू नये.

शेठला सांगितलं. तो म्हणाला, "लेबल वाच."

त्या दिवशी मी चाळीस कॉलरी लावल्या.
खोटं कशाला बोलू. सत्तर रुपये झाले.
उसवलेली पट्टी तेवढी भाकरीच्या फडक्यात गुंडाळून
डब्यातून घरी आणली.
पुरायची होती, पण आमच्या गल्लीत
सगळीकडे सिमेंट.

रात्री मागापाशी ठेवली तर पिल्ली आली.
हुंगलं. कान मागे घेतले.
मला वाटलं, फिस्कारेल, पळेल.
ती चाटायला लागली.
एका टोकापासून, नऊही जोड ओलांडत,
केस जिकडे निजतात तिकडे.
मग मधोमध दातांत धरली, अलगद,
मानगुटीला धरतात तशी,
आणि मागाखाली, तुटक्या सुताच्या गुंत्यात
घेऊन गेली.

शनिवारी माल मोजला, एक पट्टी कमी.
शेठने माझे अकरा रुपये कापले.
मी वहीत सही केली.
बोटांना अजून केस होते, राखाडी.
दोन तिथेच चिकटून राहिले,
माझ्या नावाशेजारी.