डुकरास, उसन्या झडपेबद्दल

तुझं नाव काय होतं, कुणी सांगितलं नाही.
नसेलच. आमच्या गालिसियात
डुकराला नावं ठेवतात, नाव ठेवत नाहीत,
नोव्हेंबरात जड जातं मग.

मी ओबदुलिया, वय एकाहत्तर,
लुगोच्या वरच्या अंगाची, जिथे धुकं
दुपारपर्यंत गोठ्यातच बसून असतं.
पन्नास वर्षं तुझ्या जातीची आतडी धुतली मी
नदीवर, लिंबू चोळून चोळून.
आणि ऑगस्टात, कोरुन्याच्या इस्पितळात,
एका पोरसवदा डॉक्टरने कागदावर हृदय काढलं,
वांग्यासारखं दिसत होतं, आणि म्हणाला,
झडपेवर चुना चढलाय, आजी.
धातूची बसवू की डुकराची?
मला हसू आलं. दम लागेपर्यंत हसले,
म्हणजे दोन सेकंद.

जाग आली तेव्हा घशात नळी होती
आणि छातीच्या हाडाला कुणीतरी
कुंपणासारखी तार आवळली होती.
खोकायचं तर उशी छातीशी धरायची.
आउरेआ तान्ही होती तेव्हा तिलाही
इतकं घट्ट धरलं नव्हतं मी.

शेजारच्या खाटेवर डोसिंदा,
बेतान्सोसची, बटाटे विकणारी, पन्नाशीही न गाठलेली.
पहिल्या रात्री मी नर्सला म्हटलं,
ते घड्याळ तेवढं बाहेर ठेवा.
अंधारातून आवाज आला: ते मी आहे.

तिची धातूची. जन्मभर टिकेल.
जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी,
जन्मभर ग्रेलोसची भाजी मापून,
आज मूठभर तर उद्याही मूठभर.
नवऱ्यानं इतक्या नेमानं प्रेम केलं असतं तर, ती म्हणायची,
आणि आम्ही दोघी उश्या आवळून हसायचो
रडल्यासारख्या.

रडायचोही. तिसऱ्या प्रहरी, कारण नसताना.
लेक म्हणाली, आई, आता तर सगळं छान झालं.
छान झालं त्याचंच, म्हणायचं होतं,
पण त्या दिवसांत शब्द सापडत नसत.
चमच्याला मी किल्ली म्हणत होते.

दोन किलोच्या वर उचलायचं नाही.
दोन किलो म्हणजे किती ते मला
भोपळ्यानं शिकवलं. मग मांजरानं.

नोव्हेंबर आला. जावई शूलिओने अंगणात बाक मांडला,
शेजारी जमले, सुऱ्यांना धार लागली,
आणि माझ्या वाट्याला म्हातारीचं काम आलं:
घमेल्यात रक्त धरायचं, हातानं ढवळत राहायचं,
थांबलीस की गोठलं. आई हेच सांगायची,
तिला तिची आई.
कोपरापर्यंत ऊब. ढवळता ढवळता ध्यानात आलं,
सकाळची अर्धी गोळी
माझ्या आत हेच करत बसली असेल.
हात थांबला.
आई! आउरेआ ओरडली.
पुन्हा ढवळू लागले.

मग शूलिओने हृदय हातात दिलं, दरवर्षी देतो तसं.
दरवर्षी मी ते उभं चिरते आणि टाकते फडक्यावर.
या खेपेला आधी आत बोट घातलं.
तीन पाकळ्या. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या,
ओल्या, एवढ्याशा.
एवढ्यावर मी जिना चढते?

डॉक्टर म्हणाला होता, पंधरा वर्षं जाईल, नशीब असलं तर.
तू स्वतः दहा महिने जगला असशील, फार फार तर.
हा हिशेब मला मांडता येत नाही.
दुकानातली उधारी असती तर आउरेआला सांगितलं असतं.

तुला वाटेल, त्या दिवशी मी जेवले नसेन.
खोटं कशाला बोलू. जेवले.
लसणीवर परतलेल्या दोन फोडी,
मिठाविना, मीठ मला मना आहे.
उशी मांडीवर होती.

रात्री उताणी पडून कान दिला.
डोसिंदाच्या झडपेसारखा तू वाजत नाहीस.
गप्प असतोस.
जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबायची
तीन वर्षांची सवय आहे मला.
अजून थांबते.
दम लागलेला नसतो.