वाहून आलेली मान

फोन लागला की पलीकडे आधी वाराच ऐकू जातो.
ऑल्बोर्गच्या दुकानातला टॉर्किल विचारतो, बोटीवर आहात का?
नाही रे, घरात आहे, चुलीपाशी,
उपेर्नाविकच्या चढावरच्या पिवळ्या घरात,
आणि मला गिटार हवी आहे,
नुसतीही वाजणारी, वायर लावूनही.

नुसती, माझ्यासाठी.
वायर, सभागृहासाठी. तिथे शनिवारी ऐंशी माणसं
जाड बुटांनी नाचतात
आणि मी काय वाजवतेय ते मलाही अंदाजानेच कळतं.
जुनीचं पोट फेब्रुवारीत फुटलं, मध्यरात्री,
कोरड्या थंडीने.
एवढा आवाज झाला की माझा भाऊ ऊजार्नेक
बंदूक घेऊन दारात उभा.

टॉर्किल दोन सांगतो.
पहिली 'उबदार' आहे म्हणे.
मी विचारते, किती अंश?
तो हसतो. मी नाही हसत.
बाहेर उणे एकोणतीस आहे,
इथे तो शब्द आम्ही जपून खर्च करतो.
दुसरी 'झळाळती'.
मग तो रिसीव्हर कशावर तरी टेकवून वाजवून दाखवतो.
पहिली: पत्र्याच्या डब्यात माशी.
दुसरी: तोच डबा, दुसरी माशी.

तेव्हा मी आकडे मागून घेतले.
आकडे वाटेत विटत नाहीत.
मानेची रुंदी, वरच्या टोकाशी:
एकीची त्रेचाळीस मिलिमीटर, दुसरीची अठ्ठेचाळीस.
पाचाचा फरक. हसू नका.
मासळीच्या कारखान्यात पातं घसरायला पाच पुरतात;
माझी डावी करंगळी तेवढीच आखूड आहे.

ऊजार्नेकने छपरावरून एक ओंडका काढला.
सैबेरियातल्या कुठल्याशा नदीतून सुटलेला,
बर्फात अडकत, निसटत
कितीतरी वर्षांनी आमच्या किनाऱ्याला लागलेला.
इथे झाड उगवत नाही, झाड पोचतं.
त्याच्यातून त्याने दोन माना कोरल्या, आकड्याबरहुकूम.
तारा नाहीत. पट्ट्या पेन्सिलीने आखलेल्या.

सूर्य नसलेला सबंध जानेवारी
मी त्या मुक्या माना आलटून पालटून वाजवल्या.
अरुंद मानेवर बोटांची दाटी,
एकाच स्लेजवर चढलेली पोरं जशी,
एक हललं की सगळी खाली.
रुंद मानेवर करंगळी टाचा उंचावते
आणि वरच्या फळीवरचा डबा काही हाती येत नाही.
ऊजार्नेक जाळं विणता विणता मान डोलवायचा.
एकदा म्हणाला, आज इथे चुकलीस.
खरंच चुकले होते.

मग त्याने रुंद मान तासायला घेतली.
एक मिलिमीटर. नाही.
दोन. अजून नाही.
तिसऱ्याला करंगळी पोचली,
इतक्या सहज की मी पुन्हा एकदा खात्री केली
करंगळी माझीच आहे ना.

टॉर्किल, पंचेचाळीस आहे का?
बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज.
आहे एक. पण थरांच्या लाकडाची,
जाणकार नाक मुरडतात.
थरांचं लाकूड तडकतं का?
नाही, तडकत तेवढं नाही.
मग पाठव.
आवाज ऐकवू का?
नको, म्हणाले. मान ओळखीची आहे.
(फोन ठेवल्यावर मात्र हात कापले.
आठ आठवड्यांची मजुरी होती ती.)

जूनच्या पहिल्या जहाजाने खोका आला.
सोबत चिठ्ठी: तारा सैल केल्या आहेत,
घराची ऊब लागू द्या, एक दिवस उघडू नका.
ऊब. हा शब्द त्याने यावेळी बरोबर वापरला होता.

खोका ओसरीत. वर दवाचे थेंब.
शेजारी मी, मांडीवर तासलेली मान,
सुरी आणायची नाही असं स्वतःला बजावत.
संध्याकाळच्या खाण्याआधी खालच्या उतारावरची कुत्री
रोजच्यासारखी विव्हळायला लागली,
एक, मग चाळीस,
आणि पुठ्ठ्याच्या आत काहीतरी
खोल, सैल, बेसूर
त्यांना ओ देत गुणगुणलं.

ऊजार्नेकने जाळं खाली ठेवलं.
उबदार आहे का? त्याने विचारलं.
थांब, मी म्हणाले, ऐकू दे.