ओल्या चुन्यातलं झाड

माझगावच्या टेकडीखालच्या चॅपेलात
भिंतीला लोणा धरलाय.
बस्त्यांव मास्तरांनी चौतीस साली रंगवलेली भिंत.
मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. इटली पाहिली नव्हती,
पाहिलं होतं एका पुस्तकातलं पान,
तळहाताएवढं, काळंपांढरं :
तिकडच्या कुठल्याशा गावातलं सहाशे वर्षांपूर्वीचं भित्तिचित्र.
क्रुसावरून उतरवलेला मुलगा
आणि त्याच्याभोवती बसलेल्या बाया.
रंग कुठले, ते पानाने सांगितलं नाही.

मी कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून
मेणबत्त्यांची काजळी पुसते.
घंटेची दोरी गुंडाळता गुंडाळता इनासबाब विचारतात,
"संतांना थुंकी?"
म्हटलं, आई पोराचं तोंड पुसते तशी.
याहून हलकं औषध मला मिळालेलं नाही.

हमीद गवंडी बॅटरी भिंतीला लावून आडवा उजेड पाडतो
आणि सांधे दिसू लागतात.
चुना ओला असेतोच रंगवायचं, सुकला की दिवस संपला.
एवढं आकाश एका दिवसाचं. डोंगर अर्ध्या.
अकरा दिवस मोजतो तो, बोट न टेकवता.
मग थांबतो.
मुलाचा गाल, आणि त्यावर आईचा गाल,
मध्ये सांधा नाही.
"एकाच गिलाव्यात केलंय," म्हणतो,
"त्या दिवशी दुसरं काही केलेलंच नाही."

प्रभावळी थाळीच्या काठाने दाबलेल्या.
जेवणाचीच थाळी. काठाला कुठेतरी पोचा असणार,
प्रत्येक संताच्या डाव्या कानामागे तोच उमटलाय.
वर्ख कधीच उडाला. खाच आहे.

निळा मात्र चुन्यात मुरत नाही.
त्याला मागाहून, सुक्या भिंतीवर, सरसाने डकवावं लागतं.
बंदराच्या खाऱ्या वाऱ्याने पहिला त्यालाच नेला.
उरला खालचा गेरू,
आणि आई आता दिसते
गोदीच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बायांसारखी, मातकट.
परेराबाई कमिटीतर्फे येऊन सांगून गेल्या,
"मदर निळीच हवी. नाहीतर लोकांनी ओळखायची कशी?"
मी हात दाखवला.
मानेखालून घातलेला, बोटं रुतलेली.
मेलेलं डोकं जड असतं, हे ज्याला माहीत होतं
त्याने काढलेला हात.
परेराबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "तरी पण."

काखेतल्या घडीत निळा सापडला, नखाएवढा.
तो तसाच ठेवलाय.

एक बाई आपल्याकडे पाठ करून बसलीय.
तिला चेहरा नाही, प्रभावळ नाही,
फक्त लुगड्याचा भार आणि मानेवर एक तीळ.
त्या पानात तीळ असणं शक्य नाही.
"मास्तरांची भैन ती," इनासबाब म्हणाले.
थोड्या वेळाने म्हणाले, "नक्की नाय सांगता येत."

शेवटी झाड. उजवीकडे, डोंगराच्या उतारावर.
मूळ चित्रात ते वाळलेलं, एकही पान नसलेलं,
आदमाच्या पापाने सुकलेलं झाड,
पुढे कधीतरी पालवेल या वायद्यावर उभं.
काजळी निघाली तसा फांद्यांच्या टोकांना लाल दिसू लागला.
आधी वाटलं रक्त. मग वाटलं, वरून गळलंय काही.
तिसऱ्या बोळ्याला एक कावळा निघाला,
चोच फुलात खुपसलेला,
आणि मी शिडीवरच हसले.

मास्तरांना करड्या पानात उघडं झाड दिसलं,
आणि ईस्टरच्या आधी उघडं असणारं
त्यांच्या ओळखीचं झाड एकच होतं.
खोडावरचे काटेही काढलेत,
मुकुटाचे नव्हेत,
पांगाऱ्याला असतात तसे, आखूड, काळे.
की मुकुटाचेही?

अहवालाच्या तक्त्यात रकाना आहे :
झाड. प्रतीकात्मक / वास्तव. एकावर खूण करा.
दोन दिवस तो कोरा ठेवला.
मग लिहिलं : पांगारा. मार्चअखेर.
काटे शाबूत.
लाल ओल्या चुन्यातलाच आहे, टिकेल.