माळ्यावरचा पंखा

रविवारी साडेअकराला सभा भरते.
चौदा माणसं, आवाज शून्य.
सरोज कोठावदे देवळाली कॅम्पातून,
अशपाक तांबोळी जुन्या नाशकातून,
निकुंभ मावशी सिडकोतून, पाठीमागे
नातवाने वाळत टाकलेला टॉवेल.
अप्पा मध्यभागी. नोटांच्या प्रेसमधून रिटायर.
हात बोलतात, भुवया बोलतात,
आणि मी, घरात एकटी ऐकणारी,
चहा गाळते, वायरी बघते.

आधी आम्ही फुकटच्या जागी भरायचो.
तेच सॉफ्टवेअर, खुलं, कुणीही घ्यावं;
फक्त मशीन दुसऱ्याचं, कुठल्या देशात कोण जाणे.
चित्र असं स्वच्छ
की सरोजच्या अंगठीतला खडा मोजावा.
वीज जायची ती आपली, त्यांची कधी नाही.
खोलीला मी नाव दिलं होतं ‘रविवार’.
माझीच अक्कल.

एकदा पंधरावा चौकोन उघडला.
काळा. नाव नाही, हात नाहीत.
आमच्या लोकांत कॅमेरा बंद ठेवणं म्हणजे
तोंडावर उपरणं घेऊन दुसऱ्याच्या ओट्यावर बसणं.
सरोज लेकीचं सांगत होती,
जावयाने कुठल्या हाताला भाजलं, कशाने.
पाऊण तास तो चौकोन तिथेच.
अप्पांच्या आधी लक्षात आलं.
हवेतच थांबवले त्यांनी सगळ्यांचे हात.
प्रेसच्या गेटवर रोज डबा उघडून दाखवलेला माणूस.

चुकून आलं असेल कुणी, मी बोटांनी म्हटलं.
मग गेलं का नाही?

एमजी रोडवरून जुना डेस्कटॉप आणला.
मुदस्सरने रॅम वाढवून दिली,
केबलवाल्याने कायमचा पत्ता, महिन्याला वेगळे पैसे.
तीन रात्री काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी,
शेवटी सर्व्हर लागला माळ्यावर,
घंगाळ आणि गादीच्या गुंडाळीमध्ये.
खोलीला आता कुलूप.
किल्ली अप्पांच्या पेन्शनच्या वहीत, शेवटच्या पानावर.

कौतुक किती दिवस पुरणार?
दहाव्या माणसापर्यंत ठीक.
अकराव्याला अपलोड गुदमरतो.
‘उद्या’ म्हणायला निघालेला अशपाकचाचांचा हात
चौकटी चौकटी होऊन मध्येच सांडला.
ऐकणाऱ्यांचं चित्र तुटलं तर आवाज तरी उरतो.
आमचं तुटलं की काही उरत नाही.
वीज गेली की इन्व्हर्टर वीस मिनिटं,
त्यातच निरोप उरकायचे.
सर्टिफिकेट संपतं. अपडेट येतं.
मध्यरात्री कुणी लांबून दार हलवून बघतं,
सकाळी लॉगमध्ये त्याची पावलं.
राखण माझ्याकडे. पगार नाही, रजा नाही.

जायचं का परत तिकडे?
नाव अवघड ठेवू, पासवर्ड लावू.
खरं तर तेवढ्यानेही भागलं असतं, हे मला माहीत आहे.
अप्पा काही बोलले नाहीत,
म्हणजे हात खिशात.

दुपारी शिडी लावून माळ्यावर चढले.
तळहात त्या डब्यावर ठेवला,
छपाईच्या मशीनवर ठेवायचे तसा,
डोळे मिटून.
रात्रभर ज्याची घरघर मला झोपू देत नाही
आणि चौदांतल्या कुणालाच ठाऊक नाही,
तिच्याशी त्यांचं काहीतरी चाललं होतं.

उतरले. हात लुंगीला पुसले, सांगितलं:
चालू आहे. पण पुढच्या पंख्याचं बेअरिंग जातंय.

मला तर रोजचीच घरघर ऐकू येत होती.
बुधवारी मुदस्सरने उघडून पाहिलं.
माझ्याकडे बघितलं, मग अप्पांकडे.
नवा पंखा, साडेतीनशे.

त्या रविवारी दहाच चौकोन,
चार जण सिन्नरला लग्नाला.
सगळे उजेडात.
निकुंभ मावशींनी टॉवेल काढून ठेवला होता.
सरोजने एकेक चेहरा नीट बघून घेतला, दोनदा,
बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या
आणि राहिलेलं सांगितलं.