शेळीचे केस

उलानबातरमध्ये जानेवारीत
फाउंडेशनची बाटली मी काखेत धरून बसते,
अंडं उबवावं तशी.
नाहीतर ते नासल्या दुधासारखं फुटतं
आणि गालावर त्याचे पापुद्रे सुटतात.
नव्या पोरी हसतात. हसू देत.

आज दुपारी एक मुलगी आईला घेऊन आली.
मुलगी नुकती पदवीधर, अंगातला झगा भाड्याचा.
आई गोबीकडची, चौदा तास बसमध्ये,
देलच्या लांब बाह्यांत दोन्ही हात लपवलेले.
"फोटो काढायचाय," मुलगी म्हणाली,
"आईचे गाल तेवढे माझ्यासारखे करा."

आईचे गाल.
साठ वर्षांचा वारा तिथे मुक्कामाला,
लाल, तडकलेले, बारीक शिरांचं जाळं वर आलेलं.
कपाळ मात्र, टोपीखाली राहिलेलं,
लहान मुलीचं.
कुठल्या बाटलीत शोधू हिचा रंग?

हाताच्या पाठीवर तीन थेंब घेतले:
वाळू, गहू, आणि एक ज्याचं नाव कंपनीने
'मध' ठेवलंय. मध असा नसतो.
मिसळून जबड्याच्या कडेला लावून पाहिलं,
कारण मनगट खोटं बोलतं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
तीन नवऱ्या आरशासमोर रडल्या, तेव्हा कळलं.

मग ब्रश. माझा लाडका, अकरा वर्षांचा,
दांड्यावरचा सोनेरी रंग अंगठ्याने खाल्लेला.
पहिला फराटा गालावर गेला
आणि तोवर एक शब्द न बोललेली दुलमाबाई
डोळे मिटूनच म्हणाली,
"शेळी आहे."

ब्रश तिने माझ्या हातातून काढून घेतला.
केस ओठांवरून फिरवले,
फुंकर मारून मुळापर्यंत पाहिलं.
"मानेचे नाहीत, पाठीचे.
कापलेत, विंचरलेले नाहीत.
आणि ओल्याला शेळी कशाला लावता?
ती पाणी पिते. ओल्या बर्फात आम्ही कळप सोडत नाही.
भिजली की रात्रीत जाते."

अकरा वर्षं
अर्धी बाटली मी ब्रशलाच पाजत होते
आणि गिऱ्हाइकाला सांगत होते,
तुमची त्वचा कोरडी हो, फार शोषते.

"आई, पुरे," मुलगी जमिनीकडे बघत पुटपुटली.
मी म्हटलं, थांब गं. मग कशाने लावू?

तिने ताटातला गुलाबी स्पंज चिमटीत दाबला,
"गार आहे" म्हणून परत ठेवला,
आणि माझ्या बोटांकडे बघितलं.
"ही आहेत की.
करडाच्या फुटल्या नाकाला लोणी लावतो तसं.
घासायचं नाही. ठेवायचं, उचलायचं."

बाहीतून डबी निघाली, मेंढीच्या शेपटीची चरबी.
ती आधी, तळहातावर वितळवून.
मग अनामिकेने, हनुवटीपासून वर,
ठेवत, उचलत.
नाकाच्या कडेला जास्त झालं ते
थर्मासच्या पाण्यात पिळलेल्या स्पंजने टिपलं,
स्पंजचीही बूज राखायला हवी.
पातळ थरातून लाली दिसत होती,
दुधात बोट बुडवून काढावं तशी.
मला तिथेच थांबायचं होतं.

"अजून," मुलगी म्हणाली.

मी आईकडे पाहिलं.
"लावा. फोटो तिचा आहे."

दुसरा थर दिला. मग थोडा तिसरा.
फोटोत दोघी बहिणी दिसतात,
एक जरा थकलेली.
मुलीने पैसे मोजून दिले, डबी मात्र
आई माझ्या टेबलावर विसरली, किंवा विसरली नाही.

संध्याकाळी ब्रश धुतला,
कोमट पाणी, शॅम्पू,
केस खाली करून दोरीला टांगला.
आता याला फक्त पावडर.
दिवा बंद करताना खोलीत वास आला.
मी शहरातली, आजीपासून सिमेंटात राहिलेली,
खिडकी बंद, खाली औष्णिक केंद्राचा धूर.
इतकी वर्षं दर शनिवारी धुतेय हा ब्रश.
आज तो
ओल्या जनावरासारखा वास मारत होता,
आणि मला वाटलं, याला आत घ्यावं,
शेगडीजवळ.