एक खांब जळता

नेब्रास्का. शुक्रवारची रात्र.
लोवेल ह्रुस्काच्या कमरेला एकोणीस किल्ल्या,
शिट्टी मात्र दुसऱ्यांच्या गळ्यात.

पंचांचे चेक खिशात, पाहुण्यांची बस चिखलात.
पॉपकॉर्नच्या यंत्रानं फ्यूज उडवला.
मग पश्चिमेला वीज:
खेळ थांबवा, तीस मिनिटं.
एकोणतिसाव्याला पुन्हा लकाकली.
पुन्हा पहिल्यापासून मोजा.
पालक ओरडले त्याच्यावरच,
जणू ढगांना आवतण त्यानं धाडलेलं.

साडेअकरा. गल्ल्यात तेरा डॉलर कमी;
स्वतःचे घातले.
फाटकाशी एक पोरगा, हेल्मेट मांडीवर.
"बाबा येतो म्हणालेत."
लोवेलनं सगळे दिवे मालवले,
एक खांब ठेवला,
आणि टेकला शेजारी.

"माझा झेल पाहिलात ना, सर?"

तेव्हा तो फ्यूज बदलत होता.
"दाखव बरं," म्हणाला.
पोरगा उठला,
रिकाम्या हातांनी
मागे मागे धावत गेला
उजेडाबाहेर.